समुद्रपार लष्करी सेवेचा कालावधी

समुद्रपार लष्करी सेवेचा कालावधी म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातील व्यक्तीने मायदेशाबाहेर सलग किती काळ राहावे, याविषयी शासनाने ठरवून दिलेली मुदत होय. ही मुदत सर्व दलांना सारखी क्वचितच असते. एकाच बंदरात, एकाच युद्धात, एकाच सरकारच्या चाकरीत असलेला नौसैनिक अडीच वर्षांनी घरी जातो आणि पायदळाचा शिपाई चार वर्षांनंतरही तेथेच असतो, असे प्रसंग इतिहासात वारंवार घडले आहेत. ही तफावत कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न त्यातूनच उद्भवला. मुंबई हे ब्रिटिश साम्राज्यातील सैन्य चढवण्या-उतरवण्याचे प्रमुख बंदर असल्यामुळे या प्रश्नाचा इतिहास मुंबई, कल्याण, देवळाली आणि मराठा पलटणींच्या भरतीचा मुलूख यांच्याशी निगडित आहे.

मुदतीची मोजणी

मुदत म्हणजे केवळ वर्षांचा आकडा नव्हे. घड्याळ केव्हा सुरू होते, यावरच बरेच काही अवलंबून असते. जहाजात पाऊल ठेवल्यापासून दिवस मोजायचे की युद्धभूमीवर पोहोचल्यापासून? मुदत संपली म्हणजे शिपायाने त्या दिवशी परतीच्या जहाजावर असावे, की त्या दिवसापासून त्याचे नाव प्रतीक्षायादीत यावे? दुसरा अर्थ घेतला, तर कागदावरची चार वर्षे प्रत्यक्षात साडेचार होतात.

दुसरा मुद्दा बदलीच्या पद्धतीचा आहे. नौदलात जहाज हेच सेवेचे एकक असते. ते परदेशी ठाण्यावर जाते आणि ठरावीक काळाने सर्व खलाशांसह परत येते, म्हणून नौसैनिकाला घरी नेण्यासाठी निराळे जहाज लागत नाही. पायदळाची पलटण मात्र स्वतःहून समुद्र ओलांडू शकत नाही. हवाई दलात वैमानिकाची नेमणूक त्याने केलेल्या उड्डाणांच्या हिशेबाने संपते. विमानांची देखभाल करणारा यंत्रकर्मी मात्र तळावरच राहतो आणि त्याच्या जागी येणारा कुशल माणूस तयार होण्यास वेळ लागतो. मुदतींमधील पुष्कळसा फरक असा कामाच्या स्वरूपातून आलेला आहे, कोणाच्या दुजाभावातून नव्हे. तथापि कारण समजले म्हणून गाऱ्हाणे नाहीसे होत नाही. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने एक वर्ष हे तिन्ही दलांत बारा महिन्यांचेच असते.

तिसरा मुद्दा कष्टांचा. बंदरातील कचेरीत काढलेली तीन वर्षे आणि खंदकात काढलेले एक वर्ष यांची तुलना कशी करावी? मुदती समान ठेवल्या तर कष्ट असमान राहतात, आणि कष्टांप्रमाणे मुदत ठरवावी म्हटले तर कष्ट मोजणार कोण, असा पेच पडतो.

मुंबईची फौज आणि समुद्रप्रवास

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील शिपायांनी इतर अनेक फौजांच्या आधी समुद्र ओलांडला. १८०१ मध्ये जनरल बेअर्ड यांच्या हाताखाली तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला गेलेल्या सैन्यात मुंबईचे शिपाई होते. १८३९ मध्ये एडन घेताना, १८५६-५७ च्या इराणच्या मोहिमेत आणि १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेतही मुंबईची फौज होती. या सेवेला वर्षांची मर्यादा नसे. मोहीम संपली म्हणजे परतायचे, एवढाच दंडक होता.

मुदतीऐवजी त्या काळी मोबदल्याला महत्त्व होते. परमुलखातील सेवेसाठी शिपायाला जादा भत्ता मिळे. १८४३ मध्ये सिंध खालसा झाल्यावर तो प्रांत परमुलूख राहिला नाही, असे म्हणून सरकारने हा भत्ता बंद केला. शिपायाच्या घरापासून सिंधचे अंतर मात्र तेवढेच राहिले. बंगाल फौजेतील काही पलटणींनी सिंधला जाण्यास नकार दिला आणि त्यांपैकी ३४ वी पलटण १८४४ मध्ये मोडून टाकण्यात आली. पुढे सिंधमधील ठाण्यांची जबाबदारी मुंबई फौजेकडे आली. १८५६ मध्ये बंगाल फौजेच्या नव्या रंगरुटांना समुद्रपार सेवेची अट घालण्यात आली, आणि दुसऱ्या वर्षीच्या उठावाच्या कारणांत इतिहासकार या अटीचीही गणना करतात.

देवळाली

गोऱ्या सैनिकाची स्थिती वेगळी होती. त्याच्यासाठी भारत हीच समुद्रपार सेवा होती. त्याची भरती ठरावीक वर्षांसाठी असे आणि ती वर्षे भरली की त्याला इंग्लंडला पाठवावे लागे. १८६६ पासून केवळ सैन्याच्या ने-आणीसाठी पाच मोठी जहाजे बांधून घेण्यात आली. त्यांपैकी दोघांची नावे 'मलबार' व 'जमना' अशी होती. ही जहाजे मुंबईस येत. तांबड्या समुद्रातील उन्हाळ्याच्या भीतीने सैन्याची वाहतूक साधारणपणे शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच चाले.

यातून एक विचित्र अन्याय जन्मास आला. ज्याची मुदत हिवाळ्यात संपे, तो चटकन जहाजात बसे. ज्याची एप्रिलात संपे, त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागे. अशांना नाशिकजवळील देवळालीच्या छावणीत ठेवीत. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे १८० किलोमीटरवर, घाटमाथ्यावरील थंड हवेत वसलेली ही छावणी १८६१ मध्ये सुरू झाली. येथे येणाऱ्या शिपायांना फारसे काम नसे. कवायत नाही, लढाई नाही, घरही नाही. उरले ते मद्य, हिवताप आणि कंटाळा. कित्येकांचे वर्तन बिघडे, काहींना शिक्षा होत, काही खरोखरच भ्रमिष्ट होत. इंग्रजी बोलीभाषेत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात पडला तो येथूनच. मूळचा शब्दप्रयोग 'डूलाली टॅप' असा होता. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप' होय. फ्रँक रिचर्ड्स या इंग्रज शिपायाच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या छावणीचे व या शब्दाचे वर्णन आढळते. नाशिक जिल्ह्यातील गावाचे नाव इंग्रजी शब्दकोशात जावे आणि तेही या अर्थाने जावे, ही गोष्ट देवळालीकरांना रुचणारी नसली, तरी मुदत संपल्यानंतरच्या प्रतीक्षेचे याहून बोलके स्मारक दुसरे नाही.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये ६ वी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवण्यात आली. तिची पहिली ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. पुढे याच डिव्हिजनमध्ये १०३ व ११० या मराठा पलटणीही लढल्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. कैदेतून जे वाचले, ते १९१८ च्या अखेरीस मुक्त झाले. फाओला उतरलेल्या आणि कैदेतून वाचलेल्या शिपायाची समुद्रपार सेवा अशा रीतीने चार वर्षांची झाली. त्यातील निम्म्याहून अधिक काळ त्याने कैदी म्हणून काढला.

फ्रान्समधील भारतीय तुकड्यांत निराळेच गाऱ्हाणे होते. जखमी होऊन इंग्लंडमधील रुग्णालयात बरा झालेला शिपाई मायदेशी न पाठवता पुन्हा आघाडीवर धाडला जाई. इंग्रज शिपायाला काही दिवसांची घरची रजा मिळू शके, कारण त्याचे घर खाडीपलीकडे होते. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील शिपायाला ती मिळणे अशक्य होते. १९१५ मधील भारतीय सैनिकांची पत्रे तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालांत या असंतोषाची नोंद केली आहे. त्या वर्षाच्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवण्यात आले, परंतु बहुतेक पलटणी घरी नव्हे, तर मेसोपोटेमियाकडे गेल्या. महायुद्ध संपल्यावरही, १९२० च्या इराकी उठावाच्या वेळी, भारतीय तुकड्या तेथेच होत्या.

दुसरे महायुद्ध : तीन दले, तीन मुदती

दलादलांतील तफावत उघडपणे चर्चेत आली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश नौदलात परदेशी ठाण्यावरील नेमणूक युद्धापूर्वीपासून साधारणतः अडीच वर्षांची होती. ब्रिटिश हवाई दलात अविवाहितांना चार व विवाहितांना तीन वर्षे, असा भेद करण्यात आला होता. कुटुंब हा निकष मान्य करणारी ही व्यवस्था लक्षणीय म्हटली पाहिजे. मात्र वृद्ध आईवडिलांचा एकुलता एक अविवाहित मुलगा तिच्यात बसत नसे. भूदलातील मुदत सर्वांत लांब होती. तेथे मुदत पूर्ण झालेल्यांना परत पाठवण्याच्या योजनेला 'पायथन' हे सांकेतिक नाव होते. तिची मुदत १९४४ मध्ये चार वर्षांवर, नंतर तीन वर्षे आठ महिन्यांवर, आणि जून १९४५ मध्ये तीन वर्षे चार महिन्यांवर आणण्यात आली.

ही शेवटची कपात शिपायांना सुखावणारी असली, तरी सेनापतींना ती अडचणीची ठरली. मलायावर उतरण्याची 'झिपर' ही मोहीम सप्टेंबर १९४५ साठी आखलेली होती आणि तिच्यासाठी तयार केलेल्या तुकड्यांतील अनुभवी माणसे एकाएकी परतीस पात्र झाली. भारतीय डिव्हिजनांमधील ब्रिटिश पलटणींचे संख्याबळ आधीच घटत चालले होते; काही ठिकाणी त्यांच्या जागी भारतीय पलटणी द्याव्या लागल्या. एकाच्या मुदतीत केलेली कपात कोणाच्या तरी खांद्यावर जातेच.

परत जाणारे आणि नव्याने येणारे सैनिक मुंबई परिसरात थांबत. देवळालीबरोबरच कल्याणजवळ उभारलेली विस्तीर्ण लष्करी छावणी यासाठी वापरात होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

'पायथन'ची मुदत भारतीय सैनिकांना लागू नव्हती. पश्चिम आशिया, आफ्रिका व इटली येथील भारतीय शिपायाला समुद्र ओलांडूनच घर गाठायचे होते. त्याची रजा जहाजातील जागेवर अवलंबून असे. ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती. तीन वर्षे लोटल्यावर, १० जुलै १९४४ रोजी, ती इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. त्या दिवशी नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून ते जिंकले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे होते. पलटणीत मधल्या काळात माणसे बदलत गेली, हे खरे; पण पलटण म्हणून तिने काढलेला काळ कोणत्याही ठरीव मुदतीत बसणारा नव्हता.

युद्धानंतरची सेवा : सुराबाया

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, आणि आता घरी जायचे, अशी सर्वांचीच समजूत झाली. परंतु डच वसाहत असलेल्या जावा बेटावर व्यवस्था राखण्यासाठी २३ वी भारतीय डिव्हिजन पाठवण्यात आली. तिची ४९ वी ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ रोजी सुराबाया बंदरात उतरली. या ब्रिगेडच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, चौथी व सहावी, आणि तिसरी राजपुताना रायफल्सची होती. तीन दिवसांत इंडोनेशियन राष्ट्रवाद्यांशी युद्ध जुंपले. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि नोव्हेंबरात शहरासाठी घनघोर लढाई झाली. सुराबायात पडलेल्या मराठा शिपायांच्या दृष्टीने महायुद्ध संपले होते, त्यांची सेवा मात्र संपली नव्हती. परक्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध भारतीय सैनिक वापरण्यास काँग्रेसने व जवाहरलाल नेहरूंनी तीव्र विरोध केला. ही डिव्हिजन १९४६ च्या अखेरीस जावाहून निघाली.

१९४६ : दोन संप

युद्धसमाप्तीनंतर ब्रिटनने सेनामुक्तीसाठी वय व सेवा यांवर आधारलेले क्रमांक दिले होते. ज्याचे वय व सेवा अधिक, तो आधी सुटणार. तत्त्व सर्व दलांना एकच होते, पण अंमलबजावणी एकसारखी नव्हती. एकाच क्रमांकाचा भूदलातील माणूस सुटून घरी पोहोचलेला असे आणि हवाई दलातील माणूस अद्याप कराचीत किंवा सिंगापुरात असे. सरकार जहाजांचा तुटवडा पुढे करी. सैनिकांचा त्यावर विश्वास नव्हता. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलातील कर्मचाऱ्यांनी काम बंद केले. हा संप भारतातील इतर तळ, श्रीलंका व सिंगापूर येथवर पसरला. काहींवर लष्करी न्यायालयात खटले झाले, परंतु एकंदरीत अधिकाऱ्यांनी वाटाघाटींचा मार्ग धरला आणि सेनामुक्तीचा वेग वाढवण्यात आला.

महिना उलटण्यापूर्वीच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईतील कुलाबा येथील 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात भारतीय नौसैनिकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न व अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही तात्कालिक कारणे होती. मागण्यांत ब्रिटिश नौदलाइतके वेतन व सवलती, लवकर सेनामुक्ती, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशिया व इजिप्तमधून भारतीय सैन्य परत बोलावणे यांचा समावेश होता. शेवटची मागणी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. नौसैनिकांनी ती स्वतःसाठी केलेली नव्हती; ती दुसऱ्या दलातील, समुद्रापलीकडील भावंडांसाठी होती. एका दलाने दुसऱ्याच्या मुदतीविषयी तक्रार करणे नेहमीचे, पण 'त्यांना अधिक मिळते' असे म्हणण्याऐवजी 'त्यांना परत आणा' असे म्हणणे विरळा.

या संपाला मिळालेला प्रतिसाद मात्र निराळा होता. ॲडमिरल गॉडफ्री यांनी आकाशवाणीवरून, सारे नौदल नष्ट झाले तरी चालेल, अशा आशयाची धमकी दिली. शहरात गोळीबार होऊन दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सरदार पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नौसैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. दोन्ही घटनांत राजकीय आशयाचा मोठा फरक होता, हे मान्य करूनही, सेनामुक्तीची मागणी करणाऱ्या गोऱ्या व काळ्या सैनिकांना एकाच महिन्याच्या अंतराने मिळालेल्या वागणुकीतील भेद नजरेआड करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ व इतर देश

स्वतंत्र भारताची समुद्रपार सेवा मुख्यत्वे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत घडते. भारतीय तुकड्या तेथे साधारणतः एक वर्ष राहतात. युरोपीय देशांच्या तुकड्या पुष्कळदा सहा महिन्यांनी बदलत. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बारा महिने ही सर्वसाधारण मुदत ठरवली. प्रत्येक सैनिकामागे संबंधित देशाच्या सरकारला मिळणारा परतावा सर्व देशांना सारखा असतो. सरकार त्यातून आपल्या सैनिकाला किती देते, ही बाब त्या त्या देशावर सोपवलेली आहे. नौदलाची जहाजे २००८ पासून एडनच्या आखातात चाचेविरोधी गस्त घालतात. तेथेही जुनाच नियम दिसतो : जहाज परतले की सारेच परततात.

दलांमधील तफावतीचे अलीकडील ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. व्हिएतनाममध्ये भूदलाची मुदत बारा महिने, तर मरीन दलाची तेरा महिने होती. शिवाय लढाऊ तुकडीचे नेतृत्व अधिकाऱ्याकडे बहुधा सहाच महिने राही आणि शिपाई मात्र वर्षभर आघाडीवर असे. इराक युद्धात चित्र उलटे झाले. एप्रिल २००७ मध्ये भूदलाची मुदत बारावरून पंधरा महिन्यांवर नेण्यात आली, त्याच वेळी मरीन दलाची सात महिने होती आणि हवाई दलातील अनेकांची चारच. मरीन दलाचे म्हणणे असे, की आमची मुदत लहान असली तरी आम्ही लवकर पुन्हा जातो. हे खोटे नव्हते. म्हणूनच अमेरिकी संरक्षण विभागाने मुदतीबरोबर घरी राहण्याच्या काळाचाही हिशेब मांडला : नियमित सैनिकाला बाहेरच्या एका वर्षामागे घरची दोन वर्षे मिळावीत, असे उद्दिष्ट ठेवले गेले. २००८ मध्ये भूदलाची मुदत पुन्हा बारा महिन्यांवर आली.

व्यापारी नौकानयनातील समांतर प्रश्न

लष्कराबाहेर हाच प्रश्न व्यापारी जहाजांवरील नाविकांना भेडसावतो. नवी मुंबईत या व्यवसायाशी जोडलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. नेरुळजवळ करावे येथे 'चाणक्य' ही नौकानयन प्रशिक्षण संस्था असून 'डफरिन' आणि 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजांची परंपरा ती चालवते. जहाजावरील अधिकाऱ्याचा करार सामान्यतः चार ते सहा महिन्यांचा, तर खलाशाचा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. जहाज तेच, समुद्र तोच, घर दोघांचेही तितकेच दूर. तरी कनिष्ठाने अधिक काळ राहायचे, ही येथील रीत आहे. २००६ च्या सागरी कामगार कराराने नाविकाला बारा महिने पूर्ण होण्यापूर्वी घरी पाठवण्याचे बंधन घातले. हक्काची रजा वजा जाता सलग सेवेची कमाल मर्यादा अकरा महिन्यांची धरली जाते. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. २०२० च्या कोविड साथीत बंदरे बंद झाल्याने जगभरातील सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. त्यांतील काहींची सेवा सतरा महिन्यांपर्यंत लांबली.